फोटोतली मोटार

दसऱ्याच्या दिवशी कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार येते, तेव्हा सोने लुटायला जमलेली गर्दी घटकाभर शमीची पाने विसरून मोटारीकडेच पाहत राहते. 'ती बघ, राजाराम महाराजांची गाडी!' असे सांगून बाप लोक पोरांना खांद्यावर घेतात. या कौतुकाचा परिणाम मात्र मजेशीर झाला आहे. गावातल्या कुठल्याही जुन्या फोटोत लांब बॉनेटची काळी मोटार दिसली, की ती मेबॅकच ठरते!

मी शाळेत इतिहास शिकवतो. जुन्या फोटोंतल्या मोटारी ओळखण्याचा नाद मला त्यातूनच लागला. फोटोतला माणूस आपले वय लपवू शकतो. फेटा आणि मिशी यांच्या आड दहा वर्षे सहज दडतात. मोटारीला ते साधत नाही.

कारखान्यातून हजारांनी निघालेली मोटार ओळखणे सोपे. खरी परीक्षा असते ती एकट्यादुकट्यासाठी बांधलेल्या मोटारीची. त्या काळी मोठे गिऱ्हाईक कारखान्याकडून नुसती चासी घेई. म्हणजे सांगाडा, इंजिन, चाके आणि पुढचा रेडिएटर. वरची बॉडी बांधणारे कारागीर निराळे. सोने एका पेढीवरून घ्यावे आणि घडणावळ दुसऱ्या सोनाराला द्यावी, तसाच हा व्यवहार. मेबॅकचा कारखाना तर चासीच तेवढी बनवी. बहुतेक बॉडी रावेन्सबुर्ग गावच्या श्पोन यांच्याकडे चढत. साहजिकच एका कारखान्याच्या दोन मोटारी सख्ख्या बहिणी असूनही एकमेकींसारख्या दिसत नाहीत.

बॉडी किती फसवते, याचा कळस कलकत्त्यात झाला. तिथल्या मॅथ्यूसन नावाच्या साहेबाने १९१० साली चक्क हंसाच्या आकाराची मोटार करवून घेतली. हंसाचे डोळे विजेने चमकत आणि चोचीतून पाण्याचा फवारा उडे. तो पाहून रस्त्यावरच्या लोकांची काय गाळण उडाली असेल! पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली. आता हॉलंडमध्ये हेग येथील लाउमन संग्रहालयात आहे. त्या पिसांखाली होती इंग्लंडमधल्या ब्रुक कारखान्याची चासी. हंस पाहून ब्रुकचे नाव कुणाला सुचणार?

म्हणून फोटो हाती आला की मी बॉडीकडे शेवटी पाहतो. आधी रेडिएटरचा आकार, त्यावरची खूण, चाकांचे आरे, तुंब्यावरची टोपी आणि बॉनेटच्या कुशीतल्या झडपा. या गोष्टी कारखान्याच्या. गिऱ्हाइकाची हौस तिथवर क्वचितच पोचते. मेबॅकची खूण म्हणजे एकमेकांत गुंतलेले दोन 'एम'. ते दिसले नाहीत, तर पुढे बोलणे जपूनच.

मग सनावळी. मेबॅकचा कारखाना १९०९ साली निघाला तो झेपेलिनच्या हवाई जहाजांची इंजिने बनवायला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला तो धंदा बंद झाला, तेव्हा कारखाना मोटारींकडे वळला. त्याची पहिली मोटार बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली ती १९२१ साली. दुसऱ्या महायुद्धात काम थांबेपर्यंत उण्यापुऱ्या अठराशेच मोटारी बाहेर पडल्या. इकडे शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी वारले. 'शाहू महाराज आपल्या मेबॅकमध्ये' अशी ओळ कुठे छापलेली दिसली, तर ती ओळ खोटी की फोटोतली मोटार वेगळी, एवढेच शोधायचे उरते. महाराजांचे खरे वेड घोड्यांचे. त्यांचा खडखडा कोल्हापूर अजून विसरलेले नाही.

हे सारे पुस्तकी झाले. घरातला फोटो आला, की काम नाजूक होते. आमच्या शाळेतल्या एका मुलाने असाच एक फोटो आणला. फूटबोर्डावर एक पाय ठेवून त्याचे पणजोबा ऐटीत उभे. मागे लिहिलेले: 'महाराजांच्या मेबॅकसह'. अक्षरे बॉलपेनची, म्हणजे मजकूर फोटोपेक्षा पुष्कळ धाकटा. भिंग लावले. रेडिएटरवर बो-टायसारखी आडवी खूण, चाकांना लाकडी आरे, मागे दोराने आवळलेल्या वळकट्या. ही मोटार शेव्हरोलेट! जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईला शिवडीत त्या जुळवायला सुरुवात केली होती. आणि महाराजांच्या गाडीला परक्याच्या वळकट्या कोण बांधील? एस.टी.ची पहिली गाडी धावली १ जून १९४८ ला. त्याआधी उतारू नेत त्या खाजगी सर्व्हिस मोटारी. ही त्यांतलीच दिसत होती.

हे त्या घरी जाऊन सांगणे जिवावर आले होते. तीन पिढ्या ज्याच्यावर मान ताठ ठेवून जगल्या, ते काढून घ्यायचे! मुलाचे आजोबा ऐकून बराच वेळ गप्प राहिले.

"म्हणजे आमचे वडील महाराजांच्या पदरी नव्हते म्हणता, गुरुजी?"

"ते मला फोटोवरून सांगता येणार नाही. गाडी महाराजांची नव्हे, एवढेच सांगतो."

कोपऱ्यात त्यांची थोरली बहीण बसली होती, नव्वदीकडे झुकलेली. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला.

"आरं, आबा रत्नागिरीची गाडी हाकायचं की! आंबा घाटात इंजिन तापलं की वढ्याचं पाणी आणून घालायचं. आई सांगायची न्हवं?"

"मग कधी बोलली नाहीस ती, आक्का?"

"तुमी समदी मेबॅक मेबॅक म्हणत हुता. मला कोण इचारतंय?"

मग तिला पुष्कळ आठवू लागले. रात्री-अपरात्री दारात वाजणारा भोंगा. पावसाळ्यात घाट बंद झाला की घरात बसून कावलेले आबा. मी पेन्सिलीने फोटोच्या मागे लिहिले: 'शेव्हरोलेट, १९२८ किंवा नंतरची. कोल्हापूर–रत्नागिरी सर्व्हिस.' बॉलपेनची ओळ तशीच राहू दिली. तीही त्या घराचा इतिहासच.

आक्का अजून बोलतच होत्या. आबा रत्नागिरीहून येताना आंब्यांची करंडी आणायचे म्हणे. पेट्रोलच्या डब्याशेजारी ठेवलेली. त्या आंब्यांना पेट्रोलचा वास यायचा, आणि त्यावरून भावंडांत भांडण कधी झाले नाही. सगळे वास घेत घेत चोखायचे.