मुक्ताचा निबंध आणि नारायण पेठेतला नकार

पुण्याच्या नारायण पेठेतल्या केसरी वाड्यासमोर गणेशोत्सवात दर्शनासाठी रांगा लागतात. हा मूळचा गायकवाड वाडा. १९०५ साली टिळकांनी तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून विकत घेतला आणि 'केसरी'चा कारभार तिथून चालू लागला. शाळेच्या पुस्तकांतून आम्हाला एवढेच शिकवले गेले. जे शिकवले गेले नाही ते असे : ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्याची साधी जाहिरात छापावी म्हणून 'केसरी'ला विनंती केली. फुकट नाही, रोख पैसे देऊन. 'केसरी'ने ती छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते.

ही गोष्ट आमच्या चळवळीत अनेकांना माहीत आहे. आज ती पुन्हा सांगण्याचे कारण वेगळे आहे.

सध्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात ब्लॉग, व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब यांचा वर्गात कसा उपयोग करावा याची चर्चा जोरात असते. काही जण म्हणतात, मोबाइलने पोरे बिघडली. काही जण म्हणतात, मोबाइलने शिक्षणात क्रांती झाली. दोघांच्याही बोलण्यात विद्यार्थी कुठे असतो? तो फक्त पाहणारा असतो. गुरुजी व्हिडिओ पाठवणार, मुले पाहणार. गुरुजी पीडीएफ टाकणार, मुले उतरवून घेणार. खडूच्या जागी मोबाइल आला, पण बोलणारा एकच राहिला आणि बाकीचे मुके राहिले.

आमचा प्रश्न असा आहे : विद्यार्थी वर्गात जे लिहितो ते कोण वाचतो? गुरुजी लाल शाईने बरोबरची खूण करतात आणि वर्षअखेरीस वही रद्दीत जाते. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरातल्या मुलांनी किती अनुभव त्या वह्यांत लिहिले असतील आणि किती रद्दीच्या दुकानात गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच सापडते, तेही इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीच्या काळात.

एका मुलीचा निबंध छापला जातो

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीमाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. भिडे वाडा बुधवार पेठेत, म्हणजे नारायण पेठेतून चालत जाण्याइतका जवळ. पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांनी पुण्यात आणखी शाळा काढल्या, त्यांत महार-मांगांच्या मुलांसाठीही काढल्या. या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. वय अवघे चौदा वर्षे. तिने 'मांग-महारांच्या दुःखाविषयी' निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात १८५५ साली १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापून आला.

या निबंधात काय आहे? पेशवाईत तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, हे ती लिहिते. इमारतींच्या पायात आपल्या माणसांना गाडत, हे ती लिहिते. वेद वाचण्याचा अधिकार फक्त ब्राह्मणांना, तर मग आमचा धर्म कोणता, असा सरळ सवाल ती विचारते. आणि शेवटी आपल्याच लोकांना शिकण्याचे आवाहन करते.

पेशवाई बुडून तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. ज्या शहरात हे घडल्याचे ती सांगते, त्याच शहरात बसून एक मांगाची पोर स्वतःच्या नावानिशी हे लिहिते, हे धाडस लहान नव्हते.

आता शिक्षक म्हणून याकडे पाहा. फुले दांपत्याच्या शाळेने मुक्ताला अक्षरे गिरवायला लावली आणि तिथेच थांबली, असे झाले नाही. तिला स्वतःच्या वस्तीचे जगणे हा अभ्यासाचा विषय वाटू लागला. तिचे लिखाण शाळेच्या भिंतीबाहेर गेले आणि अनोळखी वाचकांनी ते वाचले. आज 'विद्यार्थ्यांना ब्लॉग लिहायला लावा' असे जे शिकवले जाते, त्याचा गाभा हाच आहे. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाच्या खेड्यातल्या शिक्षकाने १९२० च्या दशकात वर्गात छोटे छपाई यंत्र आणले. मुले आपले अनुभव लिहीत, छापत आणि दुसऱ्या शाळांना पाठवत. शिक्षणशास्त्रात त्याचे नाव आदराने घेतले जाते, ते घ्यावेच. पण आमची मुक्ता त्याच्या जवळपास सत्तर वर्षे आधीची आहे. डी.एड., बी.एड.च्या वर्गात तिचे नाव किती वेळा घेतले जाते?

दुसऱ्याची जागा आणि आपली जागा

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. 'ज्ञानोदय' आपले नव्हते. ते अहमदनगरहून सुरू झालेले अमेरिकन मिशनऱ्यांचे पत्र होते. त्यांनी जागा दिली म्हणून मुक्ता आज आपल्याला माहीत आहे. तिचे दुसरे लिखाण आपल्या हाती नाही, पुढच्या आयुष्याचीही नीट माहिती नाही. तो निबंध छापलाच गेला नसता तर? मुक्ता नावाची मुलगी इतिहासात उरलीच नसती.

म्हणून दुसऱ्याची जागा वापरायचीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण जागा दुसऱ्याची असली की दार उघडण्याचा आणि बंद करण्याचा अधिकारही दुसऱ्याचाच असतो. मिशनऱ्यांनी दार उघडले, नारायण पेठेने बंद केले. दोन्ही निर्णय आपल्या हातात नव्हते.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' काढले. १९०८ साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यातूनच 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले. त्यांनी मुरळी प्रथेविरुद्ध आवाहन केले, तेव्हा मुरळी म्हणून सोडलेल्या शिवूबाईंनी त्याला पत्र लिहून उत्तर दिले आणि ते पत्र मासिकात छापले गेले. वाचणारी बाई लिहिणारी झाली! आज ज्याला आपण मोठ्या कौतुकाने 'संवादी माध्यम' म्हणतो ते यापेक्षा वेगळे काय आहे?

मग 'मूकनायक'. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. जाहिरात नाकारली म्हणून बाबासाहेब रडत बसले नाहीत. एक पत्र बंद पडले की दुसरे काढले. वस्तीत वाचता येणारा एखादाच असायचा. तो अंक मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे भोवती बसून ऐकायचे. शाळेने ज्यांना दाराबाहेर बसवले, त्यांची शाळा ही होती. वर्तमानपत्र हाच त्यांचा वर्ग आणि संपादक हाच त्यांचा मास्तर.

मग आज वर्गात काय करावे?

आमच्यातले जे शिक्षक आहेत, जे वस्तीत अभ्यासिका चालवतात, त्यांच्यापुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

एक, मुलांना लिहायला लावा. आजीची मुलाखत, वस्तीच्या पाण्याच्या नळाचा इतिहास, गावातल्या पहिल्या मॅट्रिक झालेल्या बाईची हकिगत. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. ते प्रसिद्ध करा, म्हणजे मूल शुद्धलेखनाचीही काळजी घेते, कारण आता वाचणारे गुरुजी एकटे नसतात.

दोन, पुरावा तपासायला शिकवा. फुले-आंबेडकरांच्या नावावर खोटी वाक्ये व्हॉट्सॲपवर रोज फिरतात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे ती पुढे पाठवणाऱ्यांत आपलेही लोक असतात. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आहेत. एक फॉरवर्ड घ्या, मूळ ग्रंथ उघडा आणि ते वाक्य आहे का ते मुलांना शोधू द्या. इतिहासाचा यापेक्षा चांगला तास नाही.

तीन, मुलाला एकटे सोडू नका. जातीबद्दल लिहिणाऱ्या मुलीला आज समाजमाध्यमावर घाणेरड्या शिव्या पडतात. नाव द्यायचे की नाही हे तिला ठरवू द्या. आणि शिव्या आल्या तर मोठ्यांनी पुढे उभे राहावे. सावित्रीमाईंनी शेणाचा मारा स्वतःच्या अंगावर घेतला होता, तो मुलींवर ढकलला नव्हता.

चार, प्रत आपल्याकडे ठेवा. फेसबुक, इन्स्टाग्राम ही आपली वर्तमानपत्रे नाहीत, कंपन्यांच्या मालकीच्या जागा आहेत. चार जणांनी मिळून तक्रारी केल्या की पान बंद होऊ शकते, आणि दाद मागायला समोर माणूसही सापडत नाही. तेव्हा मुलांचे लिखाण तिथे जरूर टाका, पण वर्षअखेरीस त्याचे एक छापील हस्तलिखित करा आणि वस्तीच्या वाचनालयात ठेवा. मुक्ता कागदावर उरली म्हणून आपल्यापर्यंत पोहोचली, हे विसरू नका.

आणि ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही बाप कामावर घेऊन जातो, त्या घरातल्या मुलीचे काय? २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेली आणि अशी कितीतरी मुले शाळेबाहेर पडली. तिच्यासाठी वहीच्या कागदावर लिहिणे आणि दुसऱ्याने ते टाइप करणे एवढे तरी आपण करू शकतो. एकजण वाचायचा आणि सगळी वस्ती ऐकायची, तसेच एकाचा फोन सगळ्या वर्गाचा झाला पाहिजे.

भिडे वाड्याची जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली, तिथे स्मारक व्हायचे आहे. केसरी वाडा दिमाखात उभा आहे. असू दे. आपला वारसा वाड्यात नाही, चौदा वर्षांच्या मुलीने लिहिलेल्या निबंधात आहे. आपल्या वर्गातही एखादी मुक्ता शेवटच्या बाकावर बसलेली असेल. तिची वही या वर्षी रद्दीत जाऊ देऊ नका.

जय भीम! जय सावित्री!