४६९ पैकी ३४६ : प्रॉव्हिन्सटाउनचा जुलै

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ आली : ‘अमेरिकेत कोरोना झालेल्यांपैकी ७४ टक्के लोकांनी लस घेतलेली होती!’ मामाने ती वाचली आणि दुसरा डोस पुढे ढकलला. मी तावातावाने खोडून काढायला बसलो, तर आकडा खरा निघाला. ‘अमेरिकेत’ हा शब्द तेवढा खोटा.

तो आकडा एका गावाचा होता. मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडच्या अगदी टोकाला प्रॉव्हिन्सटाउन आहे. एरवी वस्ती काही हजार, उन्हाळ्यात मात्र पर्यटकांची झुंबड. त्या जुलैत दीड वर्षाने लोक मोकळे झाले होते. बार भरले, घरगुती पार्ट्या झाल्या, आणि त्यात डेल्टा शिरला. सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, ३० जुलैला अहवाल काढला : राज्यातले ४६९ रुग्ण, त्यात पूर्ण लस घेतलेले ३४६. झाले की नाही ७४ टक्के?

आता एक साधं गणित. समजा, एका लग्नाला आलेल्या सगळ्याच पाहुण्यांनी लस घेतली आहे. तिथे जो आजारी पडेल तो लसवंतच असणार; प्रमाण १०० टक्के! म्हणून लस फुकट गेली असं म्हणाल का? गर्दीत एकूण लसवंत किती, हे कळल्याशिवाय ७४ ला अर्थच नाही, आणि ती मोजदाद कुणाकडेच नव्हती. त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. ४६९ पैकी रुग्णालयात गेले ५, दगावलं कुणीच नाही. तो काही आमच्या ग्रुपवर आला नाही.

पण सगळा दोष व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मला सुटता येत नाही. लस घेऊनही संसर्ग होतो, ही बातमी जुलैची नव्हतीच. २०२० च्या अखेरीस फायझरच्या चाचणीत १७० जण आजारी पडले, त्यातले १६२ लस न मिळालेले आणि ८ लस मिळालेले. ते ८ पहिल्या दिवसापासून कागदावर होते. तरी १ मेपासून सीडीसीने देशपातळीवर लसवंतांचे सौम्य संसर्ग मोजणं थांबवलं. फक्त रुग्णालयात गेलेले आणि मृत्यू मोजायचे ठरलं. १३ मेला सांगितलं, लसवंतांनो, मास्क काढा. २१ जुलैला, इकडे प्रॉव्हिन्सटाउनची यादी वाढत असताना, अध्यक्ष बायडेन टीव्हीवरच्या कार्यक्रमात म्हणाले की लस घेतली तर कोविड होणार नाही.

आणि २७ जुलैला आदेश फिरला : जिथे संसर्ग जास्त आहे तिथे बंद जागेत लसवंतांनीही पुन्हा मास्क लावा. कारण काय? लसवंतांच्या नाकातही इतरांइतकाच विषाणू सापडत होता. पण ते दाखवणारा अहवाल आला तीन दिवसांनी. मधल्या काळात संस्थेच्या अंतर्गत स्लाइड्स फुटून ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये छापून आल्या होत्या. आधी हुकूम, मग फुटलेला कागद, मग पुरावा. हा क्रम उलटा असता तर ७४ चा एवढा धसका बसला नसता, असं माझं मत.

मामाला मी हे सगळं वहीत मांडून दाखवलं. लग्नाचं गणित त्याला लगेच पटलं. मग म्हणाला, “अरे, पण ते ८ जण आधीपासून माहीत होते, तर तेव्हाच का नाही सांगितलं?”

मी वही मिटली. डोस त्याने सप्टेंबरात घेतला, तोही मामीने रांगेत नेऊन उभं केलं म्हणून.