मुलांच्या वॉर्डातील गुण : डॉक्टरांच्या एका परीक्षेचा इतिहास

१/
सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव हे गाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म येथे झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाई आणि डॉक्टर झालेले त्यांचे दत्तक पुत्र यशवंत यांनी शहराबाहेर ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याचा पांडुरंग गायकवाड हा प्लेगने आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणला. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

२/
आजारी मूल कोणी तरी पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आणते. तेथून पुढे डॉक्टरची जबाबदारी सुरू होते. त्या डॉक्टरला लहान मूल तपासता येते, याची खात्री कोणी आणि कशी केलेली असते? या प्रश्नाचा इतिहास वाटतो त्याहून अलीकडचा आहे. मुंबईत वैद्यकीय महाविद्यालय उघडल्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तेव्हा कुठे देशभर लागू असलेल्या एमबीबीएसच्या नियमांत बालरोग हा परीक्षेचा स्वतंत्र विषय झाला.

३/
आरंभ १८४५ चा. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडून सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय सुरू झाले. पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड. एडिनबरो आणि पॅरिस येथे शिकलेल्या मोरहेड यांचा आग्रह एकच होता : वैद्यक हे व्याख्यानाच्या बाकावर बसून येत नाही, ते रुग्णाच्या खाटेपाशी शिकावे लागते. म्हणूनच कॉलेज आणि रुग्णालय शेजारी शेजारी उभे राहिले. वॉर्डात उभे राहून शिकण्याची आपल्याकडील परंपरा येथून रुजली.

४/
१८५१ मध्ये या कॉलेजातून पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांतील दोन. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि परीक्षा व पदव्या पुढे विद्यापीठाच्या हाती गेल्या. पण या साऱ्या रचनेत लहान मुलांसाठी वेगळी जागा नव्हती. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ, अशीच समजूत होती. मुलांचे आजार वैद्यकशास्त्राच्या एका कोपऱ्यात शिकविले जात.

५/
जगातही चित्र फार निराळे नव्हते. पॅरिसचे मुलांचे रुग्णालय १८०२ चे. लंडनमध्ये डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या प्रयत्नाने ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील रुग्णालय १८५२ मध्ये उघडले. अमेरिकेत डॉ. अब्राहम जेकोबी १८६० पासून न्यूयॉर्कमध्ये बालरोगाचे अध्यापन करू लागले. रुग्णालये आधी आली, अध्यापन मागून आले आणि परीक्षा सर्वांत शेवटी आली. हाच क्रम पुढे मुंबईतही दिसतो.

६/
१९२० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत बालरोगाला स्वतःचे घर मिळाले. परळचे बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय याच काळातील. डॉ. जॉर्ज कोएलो यांनी मुंबईत या शाखेचा पाया घातला. भारतीय बालरोगशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे १९६३ मध्ये दोन जुन्या संघटना एकत्र येऊन इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स स्थापन झाली. या संघटनेची एक जुनी मागणी होती : एमबीबीएसला बालरोगाचा स्वतंत्र पेपर हवा.

७/
मागणीमागे प्रतिष्ठेपेक्षा मोठे कारण होते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने दाखवून दिले होते की, ब्रिटिश भारतातील एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे मृत्यू दहा वर्षांखालील मुलांचे होते. स्वातंत्र्यानंतरही, १९७१ मध्ये, देशात जिवंत जन्मलेल्या दर १,००० बालकांमागे १२९ बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. ज्या वयात मृत्यू सर्वाधिक, त्याच वयाच्या रुग्णांविषयीचे प्रश्न वैद्यकशास्त्राच्या पेपरात एका भागापुरते येत. तो भाग कच्चा राहिला, तरी बाकीच्या गुणांवर विद्यार्थी उत्तीर्ण होऊ शके.

८/
विद्यार्थी आपला वेळ परीक्षेच्या गुणांप्रमाणे वाटून घेतो, हा सर्व शाखांतील अनुभव आहे. ज्याला गुण नाहीत, त्या वॉर्डातील पोस्टिंग दुय्यम ठरते. १९९७ मध्ये भारतीय वैद्यकीय परिषदेच्या नव्या नियमांनी ही स्थिती पालटली. एमबीबीएसच्या अंतिम वर्षात वैद्यकशास्त्र ३००, शल्यशास्त्र ३००, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र २०० आणि बालरोग १०० अशी मांडणी झाली. नऊशेपैकी शंभर. संख्या लहान, पण आता या विषयात स्वतंत्रपणे उत्तीर्ण होणे भाग पडले.

९/
त्या शंभर गुणांची वाटणी बोलकी आहे. लेखी ४०, तोंडी १०, प्रत्यक्ष रुग्णतपासणी ३० आणि अंतर्गत मूल्यमापन २०. तोंडी परीक्षेत औषधे, उपकरणे, एक्स-रे, पोषण असे विषय असत. रुग्णतपासणीत लाँग केस आणि शॉर्ट केस. लाँग केसमध्ये विद्यार्थ्याने ठरावीक वेळात एका मुलाची सविस्तर माहिती घ्यायची, त्याला तपासायचे आणि मग परीक्षकांपुढे केस मांडायची. महाराष्ट्रात १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे पुढे या परीक्षा आल्या.

१०/
मुलांची केस घेणे हे वेगळेच कौशल्य आहे. रुग्ण बोलत नाही. बोलते ती आई किंवा आजी. गरोदरपण, बाळंतपण, लसीकरण, आहार, मूल मान कधी धरू लागले, बसू कधी लागले, हे सारे विचारावे लागते. वजन, लांबी, डोक्याचा घेर मोजून तक्त्यावर मांडावा लागतो. छाती आणि पोट तपासायचे ते मूल आईच्या मांडीवर शांत असताना. घसा आणि कान शेवटी, कारण तेथे मूल रडणारच. हा क्रम चुकला की पुढची सारी तपासणी बिघडते.

११/
लाँग केसचे दोष येथेच उघड होतात. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला हसरे मूल आणि तपशील सांगणारी आई येते. दुसऱ्याच्या वाट्याला तापाने चिडलेले मूल आणि कालच गावाहून आलेला नातेवाईक. दोघांचे गुण एकाच मापाने कसे मोजावेत? दुसरा दोष अधिक गंभीर. विद्यार्थी मुलाला तपासत असतो, तेव्हा परीक्षक बहुधा तेथे नसतो. परीक्षक केवळ मांडणी ऐकतो. हात धुतले का, आईशी नीट बोलला का, श्वास पूर्ण मिनिटभर मोजला का, हे कोणीच पाहिलेले नसते.

१२/
याच प्रश्नावर १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी येथे रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली : ऑस्की. अनेक टेबले, प्रत्येक टेबलावर एक छोटे काम, ठरलेली मिनिटे, आणि परीक्षकाच्या हाती आधीच तयार केलेली यादी. सर्व विद्यार्थ्यांना कामे तीच आणि निकषही तेच. भारतात राष्ट्रीय परीक्षा मंडळाने १९९९ पासून बालरोगाच्या पदव्युत्तर परीक्षेसाठी ही पद्धत वापरली. टीकाही झाली : तुकड्यांत वाटलेली परीक्षा अख्खे मूल दाखवत नाही. म्हणून लाँग केस आजही हद्दपार झालेली नाही.

१३/
१९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी कौशल्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : जाणतो, कसे करायचे ते जाणतो, करून दाखवतो, प्रत्यक्ष कामात करतो. २०१९ मध्ये भारतात आलेला क्षमताधारित अभ्यासक्रम याच विचारावर उभा आहे. त्यात बालरोगाच्या पोस्टिंगचे एकूण दहा आठवडे तीन टप्प्यांत विभागले गेले. विद्यार्थ्याने काय केले, कोणी पाहिले, पुन्हा करावे लागले का, याची नोंद लॉगबुकात होऊ लागली. रुग्णाशी वागणूक आणि संवाद हेही शिकविण्याचे व तपासण्याचे विषय झाले.

१४/
अंतर्गत गुणांचे काय करावे, हा वाद मात्र जुनाच. वर्षभर वॉर्डात पाहणाऱ्या शिक्षकालाच विद्यार्थ्याची खरी ओळख असते. पण त्याच शिक्षकाच्या हाती गुण दिले की मर्जी, भीड आणि पक्षपाताची शंका येते. १९९७ च्या नियमांत हे २० गुण एकूण शंभरात मिळविले जात. २०१९ च्या नियमांनी ते विद्यापीठाच्या गुणांतून वेगळे काढले. परीक्षेस बसण्यासाठी अंतर्गत मूल्यमापनात एकत्रित ५० टक्के, तसेच लेखी व प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणे किमान ४० टक्के आवश्यक ठरले. शिक्षकाचे मत दार उघडते किंवा बंद ठेवते; अंतिम बेरजेत ते शिरत नाही.

१५/
यातून प्रश्न संपला असे नाही. लॉगबुक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकदम भरले गेले, तर ती केवळ सह्यांची वही उरते. एका शिक्षकामागे विद्यार्थी बरेच असतील, तर प्रत्येकाला तपासणी करताना पाहणे अवघड होते. दीडशे वर्षांचा अनुभव असा की गुणांचा तक्ता बदलणे सोपे. खाटेपाशी उभे राहून विद्यार्थ्याकडे दहा मिनिटे पाहणारा शिक्षक मिळणे कठीण. मोरहेड यांचा आग्रह नेमका याच गोष्टीसाठी होता.

१६/
२०२० मध्ये भारताचा बालमृत्यू दर हजारी २८ आणि महाराष्ट्राचा १६ होता. १९७१ च्या १२९ वरून हा पल्ला गाठण्यात लसी, जलसंजीवनी, पोषण, स्वच्छ पाणी, मातांचे शिक्षण आणि गावोगावच्या आरोग्यसेविका या सर्वांचा वाटा आहे. परीक्षापद्धतीला एकटीला श्रेय देता येणार नाही. पण खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी एखाद्या सरकारी दवाखान्यात नुकताच एमबीबीएस झालेला डॉक्टर रात्री एकटा असतो. समोर धाप लागलेले बाळ येते, तेव्हा शेजारी विचारायला बालरोगतज्ज्ञ नसतो.

१७/
अशा वेळी त्या डॉक्टरने बाळाचे कपडे वर करून श्वास मोजला, छाती आत ओढली जाते आहे का ते पाहिले आणि वेळेवर साताऱ्याला किंवा पुण्याला पाठविले, तर वॉर्डातील ते शंभर गुण सार्थकी लागले. नायगावच्या लेकीने पाठीवरून आणलेले मूल दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचले होते. दाराच्या आतील माणूस त्या मुलासाठी तयार असावा, एवढ्याचसाठी ही सारी परीक्षा आहे.