हौशी बिनतारीवाल्यांची यात्रा



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो संस्थानांत झीनिया नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर दरवर्षीं मे महिन्यांत तीन दिवस एक मेळावा भरत असतो. एरव्हीं ज्या इमारतींतून गुरेंढोरें बांधावयाचीं, त्यांत तेवढ्या दिवसांपुरतीं बिनतारी यंत्रें येऊन बसतात; आणि बाहेर मोकळ्या जागेंत जुन्या निर्वात नळ्या, तांब्याच्या तारांचीं भेंडोळीं, मोर्सचे संदेश ठोकण्याच्या पितळी कळा अशा चिजांचा जुना बाजार पसरतो. या मेळाव्यास ‘हॅमव्हेन्शन’ म्हणतात. २०२५ सालीं तेथें ३६,८१४ माणसें आलीं, आणि तोंवरच्या त्याच्या इतिहासांत हा आंकडा सर्वांत मोठा ठरला.

यांत नवल तें काय, असें कोणी विचारील. नवल असें कीं, ज्या छंदाची ही यात्रा, तो छंद आतां संपत आला असें निदान पन्नास वर्षें तरी लोक सांगत आहेत. ज्याच्या त्याच्या खिशांत टेलिफोन आहे. घरबसल्या सातासमुद्रांपलीकडे चेहरा पाहून बोलतां येतें. मग बिनतारी यंत्र जुळवून, छपरावर तारा ताणून, परक्या माणसाशीं चार शब्द बोलण्याची खटपट करणार कोण? आणि करणारे थोडे असले, तर त्यांनीं एकत्र जमावें कशास? मी विज्ञानाचा पंडित नव्हें. शाळेंत इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. भविष्य सांगण्याचा अधिकार इतिहासाच्या मास्तराला नाहीं. परंतु असे मेळावे कशानें वाढले आणि कशानें ओसरले, हें मागें वळून पाहतां येतें, आणि तेवढेंच आज करावयाचें आहे.

प्रथम हौशी म्हणजे कोण तें सांगतों. नभोवाणी-केंद्र एकटें बोलतें आणि हजारों ऐकतात. हौशी बिनतारीवाला सरकारची परीक्षा देऊन परवाना घेतो, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या परवानेवाल्याशीं बोलतो. त्यांतून पैसा मिळवावयाचा नाहीं, गाणींबजावणीं ऐकवावयाचीं नाहींत. यांना ‘हॅम’ म्हणतात. धंदेवाईक तारायंत्रवाले कच्च्या हाताच्या माणसास चिडवून हा शब्द वापरीत. हौशींनीं तो मानाचें बिरुद म्हणून उचलला.

१९१२ सालीं ‘टायटॅनिक’ जहाज बुडालें, आणि त्याच वर्षीं अमेरिकेनें बिनतारीचा कायदा केला. कामाच्या सर्व लांब लहरी सरकारनें जहाजांसाठीं आणि कंपन्यांसाठीं राखून ठेवल्या, आणि हौशींना सांगितलें कीं तुम्ही २०० मीटरांच्या आंत काय तें करा. या आंखूड लहरी दूर जात नाहींत, अशी त्या वेळच्या जाणत्यांची खात्री होती. म्हणजे गांवाबाहेरची खडकाळ जमीन एखाद्यास इनाम द्यावी, तसा हा प्रकार झाला!

पुढें १९१४ सालीं हार्टफर्ड शहरीं हायरम पर्सी मॅक्सिम या गृहस्थांस आपला संदेश तीस मैलांवरच्या स्प्रिंगफील्डला पोंचवावयाचा होता. त्यांचें यंत्र तेवढें पोंचेना. मधल्या एका गांवच्या हौशीनें संदेश घेतला आणि पुढें पाठविला. यावरून मॅक्सिम यांना सुचलें कीं, एकानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास देत गेलें तर संदेश सबंध देशभर जाईल. त्यांनीं क्लॅरन्स टस्का या तरुणास जोडीस घेऊन ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ स्थापिली. हे मॅक्सिम म्हणजे मॅक्सिम तोफेच्या जनकाचे चिरंजीव; आणि बंदुकीचा आवाज दाबणारें उपकरण यांनीं स्वतः शोधलें. बापानें गोळ्यांचा वर्षाव केला, मुलानें त्यांचा आवाज बंद केला, आणि मग जगाला बोलकें करण्याच्या मागें लागला.

पहिल्या महायुद्धांत हौशींचीं यंत्रें बंद झालीं. युद्ध संपतांच सर्व बिनतारी नौदलाच्या ताब्यांत द्यावी असें विधेयक पुढें आलें. हौशींनीं गांवोगांवहून पत्रें पाठवून त्यास विरोध केला, आणि १९१९ सालीं त्यांना पुन्हां बोलण्याची मोकळीक मिळाली. १९२१ च्या ऑगस्टअखेर लीगचें पहिलें राष्ट्रीय संमेलन शिकागोस भरलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पॉल गॉडली हे अमेरिकन गृहस्थ स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आर्ड्रॉसन येथें, तंबू ठोकून बसले. आणि कनेक्टिकटमधील एका हौशी केंद्राचा संदेश अटलांटिक ओलांडून त्यांच्या कानीं पडला. खडकाळ म्हणून दिलेल्या जमिनींत असें पहिलें पीक आलें.

पण ऐकूं येणें निराळें आणि संभाषण होणें निराळें. तें व्हावयास आणखी दोन वर्षें लागलीं, आणि तें कसें झालें ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें मला सर्वांत मोलाची वाटते. फ्रान्समध्यें नीस शहरीं लिऑं द्लुआ नांवाचा हौशी होता. अमेरिकेशीं संभाषण साधावें असा त्याला ध्यास होता, पण यंत्र साथ देईना. १९२३ सालीं तो स्वतः जहाजानें अमेरिकेस गेला आणि शिकागोच्या दुसऱ्या राष्ट्रीय संमेलनास हजर राहिला. तेथें त्यानें अमेरिकन हौशींची जुळणी डोळ्यांनीं पाहिली, प्रश्न विचारले, ग्राहक यंत्र घेतलें आणि तो मायदेशीं परतला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेर, शंभर मीटरांच्या आसपासच्या लहरीवर, हार्टफर्डच्या फ्रेड श्नेल यांच्याशीं आणि त्या पाठोपाठ जॉन राइनार्ट्झ यांच्याशीं त्याचें दुतर्फी संभाषण झालें. अटलांटिकवरून हौशींनीं केलेलें हें पहिलें संभाषण. जी गोष्ट बिनतारीनें साधत नव्हती, ती साधण्यासाठीं आधीं माणसाला आगबोटीनें जावें लागलें! द्लुआ यास नियतकालिकांतले आराखडे मिळत नव्हते असें नव्हे. वेटोळें किती घट्ट गुंडाळावें, कळ किती हलकी दाबावी, हें शेजारीं उभें राहूनच कळतें. सुताराच्या पोरालाही रंधा पुस्तकांत सांपडत नाहीं.

१९२५ च्या एप्रिलांत पॅरिस येथें अनेक राष्ट्रांचे हौशी जमले आणि त्यांनीं आंतरराष्ट्रीय संघ स्थापिला. १८ एप्रिल हा त्या स्थापनेचा दिवस अजून जगभर पाळला जातो. १९२७ सालीं वॉशिंग्टन येथें राष्ट्रांची बिनतारी-परिषद भरली, तेव्हां आंखूड लहरींचें मोल सर्वांस कळून चुकलें होतें आणि प्रत्येकाला त्या हव्या होत्या. हौशींना त्यांतल्या कांहीं पट्ट्या मिळाल्या, त्या त्यांच्या मागें संघटना उभी होती म्हणून. गांवच्या गायरानाचें असेंच असतें. जोंवर गुरें रोज चरावयास येतात, तोंवर तें गायरान. गुरें येईनाशीं झालीं, कीं तेथें कोणाचें तरी कुंपण पडतें. आज हौशींच्या कांहीं पट्ट्यांवर टेलिफोन-कंपन्यांचा डोळा आहे. मेळाव्यांचा प्रश्न हा कांहीं नुसता हौसेचा प्रश्न नाहीं, तो यामुळें.

आतां हॅमव्हेन्शनकडे येऊं. डेटन शहरच्या हौशी मंडळापुढें जॉन विलिग यांनीं मेळाव्याची कल्पना मांडली, ती प्रथम नामंजूर झाली. दुसऱ्या वर्षीं, १९५२ सालीं, मंजूर झाली. बिल्टमोर हॉटेलांत तो पहिला मेळावा भरला, आणि सहाशेंच्या आसपास माणसें आलीं. हा काळ लक्षांत घ्या. १९५१ सालींच अमेरिकन सरकारनें नवशिक्यांसाठीं एक निराळा परवाना काढला होता. मिनिटास पांच शब्दांचा मोर्स आणि सोपी लेखी परीक्षा, एवढ्यावर तो एका वर्षापुरता मिळे. शाळकरी पोरें त्यासाठीं धांवलीं. दुसऱ्या महायुद्धांतलीं शिल्लक लष्करी यंत्रें तेव्हां स्वस्तांत विकलीं जात होतीं. दार उघडलें, सामान हाताशीं आलें, आणि मेळावा उभा राहिला.

१९६४ पासून हा मेळावा डेटनजवळच्या ‘हारा अरीना’ या इमारतींत भरूं लागला. हॅरॉल्ड आणि राल्फ या दोघां वॉम्प्लर बंधूंनीं ती बांधली, आणि आपल्या नांवांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘हारा’ म्हटलें. अर्धशतकाहून अधिक काळ ही वास्तु हौशींची पंढरीच होऊन राहिली. १९९१ सालीं अमेरिकन सरकारनें मोर्स न येणाऱ्यांसही प्रवेशाचा परवाना देण्यास सुरुवात केली. जुन्या जाणत्यांनीं पुष्कळ नाकें मुरडलीं. दोनच वर्षांनीं, १९९३ सालीं, हारामध्यें ३३,६६९ माणसें आलीं, आणि तो उच्चांक तीस वर्षें टिकला. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध कोणी सिद्ध केला आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु १९५१ नंतर १९५२, आणि १९९१ नंतर १९९३, हा योग इतिहासाच्या विद्यार्थ्यानें नजरेआड करूं नये.

त्यानंतर ओहोटी लागली. घरोघर संगणक आले, आणि जी पोरें पूर्वीं तारा जोडीत तीं आतां पडद्यापुढें बसूं लागलीं. घरीं जोडावयाच्या यंत्रांचे संच विकणारी प्रसिद्ध ‘हीथकिट’ कंपनी १९९२ सालीं त्या धंद्यांतून उठली. हाराचें छप्पर गळूं लागलें. २०१६ सालीं तेथें २५,३६४ माणसें आलीं, आणि त्याच उन्हाळ्यांत इमारत कायमची बंद होत असल्याची बातमी आली. पुढें २०१९ च्या मे महिन्यांत चक्रीवादळानें तिची पार मोडतोड केली.

वास्तु गेली म्हणजे यात्राही गेली, असें पुष्कळांस वाटलें. पण मंडळानें थोड्याच दिवसांत झीनियाचें मैदान ठरविलें. २०१७ सालच्या पहिल्याच खेपेस पाऊस पडला, आणि जुन्या बाजारांत चिखलच चिखल झाला. तरी २९,२९६ माणसें आलीं. मग महासाथीमुळें २०२० आणि २०२१ हीं दोन्ही वर्षें मेळावा भरलाच नाहीं. दोन वर्षें लोकांना बिनमेळाव्याची सवय झाली, आतां कोण येतो, असें पुन्हां म्हटलें गेलें. २०२२ सालीं माणसें आलीं. २०२३ सालीं ३३,८६१ आलीं आणि तीस वर्षांचा उच्चांक मोडला.

मात्र या आंकड्यांनीं हुरळून जाणें मला बरोबर वाटत नाहीं. जर्मनींतील फ्रीडरिक्सहाफेन हें युरोपांतील हौशींचें मोठें यात्रास्थान. तेथें महासाथीनंतर, २०२२ सालीं, गर्दी पूर्वींपेक्षां कमी झाली. शिवाय हॅमव्हेन्शनची छायाचित्रें पाहिलीं तर पांढरीं डोकीं काळ्या डोक्यांहून अधिक दिसतात. जुना मित्र जुन्या मित्रास भेटावयास आला, तर तो स्नेहसंमेलनाचा आनंद झाला. त्यानें गायरान राखलें जात नाहीं. आपल्याकडेही कित्येक संमेलनांतून हेंच दिसतें कीं व्यासपीठावरचे आणि समोरचे वर्षानुवर्षें तेच. नवा माणूस दारांत घुटमळतो, आंत सांकेतिक अक्षरांची भाषा चाललेली ऐकतो, आणि परत जातो. कोणी दोन पावलें पुढें होऊन ‘या, हें असें धरा’ म्हटलें असतें, तर तो राहिला असता.

हिंदुस्थानांत हा छंद शंभर वर्षांचा आहे. पण १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच सरकारनें हौशींचे परवाने रद्द केले. तरी हातांतलें ज्ञान कांहीं रद्द करतां आलें नाहीं. १९४२ च्या ऑगस्टांत मुंबईंत उषाबेन मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, त्याच्या यंत्राची जुळणी करणारे नरिमन प्रिंटर हे मूळचे हौशी परवानेवालेच. २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद आपली हौशी तुकडी घेऊन अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें गेल्या होत्या. त्या बेटावरून जगाशीं बोलावें, एवढीच हौस. २६ तारखेस त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले, आणि हौसेसाठीं मांडलेल्या त्याच यंत्रांनीं बेटांवरच्या लोकांचीं खुशालीचीं वर्तमानें मुख्य भूमीस पोंचविलीं. पुढें २००६ च्या एप्रिलांत त्याच पोर्ट ब्लेअरला हौशींचा मेळावा भरला. ‘हॅमफेस्ट इंडिया’ हा आपला राष्ट्रीय मेळावा निरनिराळ्या शहरीं फिरता भरत असतो. परीक्षा मात्र सरकारी खात्याच्या सोयीनें आणि सरकारी खात्याच्या जागीं व्हावयाची. ज्या दिवशीं उत्साह चढला, त्या दिवशीं परीक्षा नाहीं. आणि परीक्षेचा दिवस उजाडतो, तोंवर उत्साह उतरलेला असतो.

अमेरिकेंत ही गांठ १९८४ पासून सुटत गेली. तेथील सरकारनें परीक्षा घेण्याचें काम परवानेवाल्या स्वयंसेवक हौशींवर सोंपविलें, आणि ते मेळाव्यांतूनच परीक्षा घेऊं लागले. पहिल्या परवान्यासाठीं पस्तीस प्रश्न असतात. सव्वीस बरोबर आले कीं उत्तीर्ण. मोर्स लागत नाहीं. हॅमव्हेन्शनच्या दिवसांतही ही परीक्षा असते. सकाळीं नुसता बघ्या म्हणून आलेला मुलगा टेबलाशीं बसतो, तिघे स्वयंसेवक परीक्षक त्याची उत्तरपत्रिका तेथल्या तेथें तपासतात, आणि निकाल त्याला उभ्या उभ्याच कळतो.