मीटर बाहेर, मीटर आत

दार जरा जोरात ओढा. फियाटचं दार पहिल्या फटक्यात लागत नाही. हां, लागलं. आता पुढच्या त्या सलग लांब सीटवर नीट बसा. रेक्झिनवर रात्रपाळीवाल्याने टाकलेला टॉवेल अजून ओलसर आहे, तो मागे फेका. साल 1976, महिना फेब्रुवारी, जागा ताडदेव, पहाटेचे साडेपाच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने दोन वर्षांपूर्वी या गाडीचं नाव पद्मिनी ठेवलंय, पण ते कागदावर. रस्त्यावर सगळे फियाटच म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा, नाहीतर नवखे ठराल.

गाडी तुमची नाही, शेठची आहे. रात्रीची पाळी दुसऱ्याची, दिवसाची तुमची. संध्याकाळी गाडी परत देताना शेठच्या हातावर ठरलेली रक्कम ठेवायची, पेट्रोल आपल्या खिशातून भरायचं, आणि मग जे उरेल ते तुमचं. धंदा झाला नाही, गाडी भायखळ्याच्या पुलावर तापून उभी राहिली, तरी शेठचा आकडा हलत नाही. त्यात 1973 च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखल्यापासून पेट्रोल जे भडकलं ते उतरलेलं नाही. म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडायची सवय तुम्हाला लागलीय. ब्रेकच्या दृष्टीने ती वाईट आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी लागलीय.

मुंबई सेंट्रलला गुजरात मेल आलीय. भवानी इथेच होईल. पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन एक कुटुंब तुमच्याकडे येतं: काळबादेवी. ट्रंक वरच्या कॅरिअरवर चढवा, दोरी आवळा. आता मीटर पाडायचं. मीटर गाडीच्या बाहेर आहे, डाव्या अंगाला, समोरच्या काचेशेजारी, आणि तुम्ही बसलाय उजवीकडे. म्हणजे सीटवर आडवं व्हायचं, डाव्या खिडकीतून हात बाहेर काढायचा, ‘फॉर हायर’ लिहिलेली पाटी धरायची आणि खाली ओढायची. खट्. आतली चाकं फिरू लागतात.

त्या पाटीकडे नीट बघून ठेवा, पुढे कामाला येईल. ती पडलेली चौकातल्या हवालदाराला दिसते, फुटपाथवर टॅक्सी शोधणाऱ्याला दिसते. मागे बसलेल्या काकांना मान वाकडी करून आकडा वाचता येतो, आणि तुम्हीही तोच आकडा वाचता. दर सरकारने ठरवलेला आहे. काका उतरताना म्हणतील, “मीटर फास्ट आहे हो तुमचं.” तुम्ही म्हणाल, “पासिंग झालेलं आहे शेठ, सील बघा.” सील असूनही मीटर पळवणारे होते, हे आपण दोघंही जाणतो. जवळचं भाडं नाकारणारे तर गल्लोगल्ली होते. काळ्या-पिवळ्याच्या आठवणी काढताना डोळे ओले करणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. पण भांडण व्हायचं ते एकाच आकड्यावरून, आणि तो आकडा दोघांच्या डोळ्यांसमोर असायचा.

एक सावधगिरी. आणीबाणी चालू आहे, तेव्हा संपाबिंपाचं नाव काढू नका. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना संघटित करणारे जॉर्ज फर्नांडिस सध्या भूमिगत आहेत. चहा प्या आणि निघा.

आणखी मागे जायचंय? थोडंच जाऊ, कारण तिथे वास फार येतो. 1911. किल्ल्यात घोडागाड्यांची रांग लागलीय आणि तुम्ही व्हिक्टोरियाच्या उंच बाकावर लगाम धरून बसलाय. याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारटॅक्सी उतरल्यात. त्यांच्या आवाजाने तुमचा घोडा बिथरतो. मोटार उभी राहिली की काही खात नाही, घोडा मात्र गिऱ्हाईक नसलं तरी चंदी मागतो, बँकेच्या हप्त्यासारखा. मोटारी जिंकणार हे तुम्हाला आत्ताच कळतंय. त्या किती सावकाश जिंकतील हे मात्र कळणार नाही. व्हिक्टोरिया हौसेच्या फेरीपुरती का होईना, आणखी शतकभर टिकणार आहे, आणि 2015 साली उच्च न्यायालय ती बंद करायला सांगेल तेव्हा तिच्या गाडीवानाला पुन्हा हाच प्रश्न पडेल: आता काय चालवू?

परत पुढे या. 1982 वर क्षणभर थांबा. 18 जानेवारीपासून गिरण्या बंद आहेत, आणि परळ-लालबागमध्ये काल साच्यावर उभा असलेला माणूस आज आरटीओच्या रांगेत लायसन्ससाठी उभा आहे. या शहरात नोकरी गेली की स्टिअरिंग धरायचं, ही रीत तेव्हाच रुळली. पुढे बंद पडलेल्या कारखान्यांचे, बुडालेल्या दुकानांचे, शेती न पिकलेल्या गावांचे लोक याच रांगेत येत राहिले.

2005. मीटर अजून बाहेरच आहे, पण म्हातारं झालंय. भाडेवाढी इतक्या झाल्या की त्याचे दात बदलणं परवडत नाही. मग मीटर 1.00 दाखवतं आणि प्रत्यक्षात घ्यायचे असतात त्याच्या दहापटीहून जास्त. किती, ते सांगणारं एक कार्ड तुमच्या डॅशबोर्डवर असतं, तेलकट, कोपरे दुमडलेलं. गिऱ्हाईक कार्ड मागतं, तुम्ही देता, ते बोटाने ओळ शोधतं आणि सुटे नाहीत म्हणून पुन्हा भांडतं. 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दिवसाचं काय सांगू? सीटपर्यंत पाणी चढलेली गाडी मेकॅनिककडे जाते आणि तिच्यामागून तुमची कमाईही.

आता दचकू नका, गाडी बदलली. 2015. पांढरी, एसी, पिवळी नंबरप्लेट, आणि सीटचं प्लॅस्टिकचं कव्हर अजून काढलेलं नाही. बाहेर मीटर नाही. समोर काचेला चिकटवलेला मोबाइल आहे. ओला 2010 साली याच शहरात जन्मली, उबर गेल्या वर्षी आली, आणि सध्या दोघी तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचतायत.

हे दिवस जरा चवीने जगून घ्या, परत यायचे नाहीत. दिवसाच्या ठरावीक ट्रिपा पुऱ्या केल्या की वर इन्सेंटिव्ह. गिऱ्हाइकाकडून दीडशे घ्यायचे आणि कंपनीने त्यात आपल्या पदरचे घालून तुम्हाला अडीचशे द्यायचे, असेही दिवस आहेत. महिना लाख रुपयांची भाषा जाहिरातींतून होतेय आणि ती निव्वळ थाप नाही, कुणीकुणी तिच्या जवळपास जाऊनही आलंय. गिऱ्हाईक नमस्कार करतं. सुट्यांचं भांडण नाही, ‘दादर नाही जाणार’ हे म्हणायची पाळी नाही. कळव्याचा तुमचा मेहुणा कंपनीतली नोकरी सोडतो, बायकोचे दागिने गहाण ठेवून डाउन पेमेंट भरतो, पाच वर्षांचे हप्ते बांधून घेतो. तुम्ही त्याला म्हणता, “बिनधास्त घे. आपण आपले मालक.” शेठ नाही, पाळी नाही, ठरलेली रक्कम नाही. 1976 च्या तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही पेढे वाटले असते.

फक्त एक गोष्ट तुमच्या लक्षात येत नाही. तो जादा पैसा धंद्यातून आलेला नाही. तो गुंतवणूकदारांचा आहे, बाजार काबीज करेपर्यंत वाटायला काढलेला. तुमचा हप्ता मात्र पाच वर्षांचा आहे.

2018. इन्सेंटिव्हचा आकडा गाठायला लागणाऱ्या ट्रिपा वाढल्या आणि मिळणारी रक्कम घटली. एका रात्रीत नव्हे. दर आठवड्याला नवी स्कीम यायची, आणि प्रत्येक वेळी ती कालच्याहून थोडीच वाईट असायची, म्हणून ओरडायचं कधी हे कळेना. शेवटी 22 ऑक्टोबरला मुंबईतल्या ओला-उबरच्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मागणी साधी होती: किलोमीटरचा दर वाढवा. तुम्हीही त्यात आहात. मोबाइल बंद करून घरी बसलाय, आणि पहिल्यांदाच लक्षात येतंय की घेराव घालायला समोर शेठच नाही. ऑफिस आहे तिथे सुरक्षारक्षक उभा आहे, ॲपमध्ये ‘मदत’ नावाचं बटण आहे. संप दिवाळीच्या तोंडावर मागे घेतला गेला, आश्वासनांवर.

2020 पटकन ओलांडू. रस्ते रिकामे, गाडी सोसायटीच्या भिंतीला लागून, टायरखाली पाला साचलेला. बँकांनी ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते थांबवले, व्याज थांबवलं नाही. मेहुण्याची गाडी त्या वर्षअखेरीला वसुलीवाले घेऊन गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारने नियमावली काढली: भाड्यातला किमान 80 टक्के वाटा चालकाला मिळावा, दिवसाला 12 तासांहून जास्त लॉगिन नको. कागद चांगला होता. तो अमलात आणायचा कुणी, हे राज्यांवर सोपवलेलं होतं.

आणि हे 2025. संध्याकाळचे सात, अंधेरी. फोन वाजतो, पडद्यावर गोल पट्टी संपत जातेय. तेवढ्या काही सेकंदांत ठरवायचं: पिकअप तीन किलोमीटर लांब, म्हणजे तिथवरचा गॅस फुकट, जायचंय मीरा रोडला, म्हणजे परतीचं भाडं मिळेल का, आकडा दिसतोय तो ठीक आहे का. सतत नाकारत राहिलात तर पुढच्या ट्रिपा कमी येतात अशी चालकांत पक्की समजूत आहे. खरीखोटी कोण सांगणार? तुम्ही घेता. गिऱ्हाईक लोकेशनवर नाही. फोन लावता: “मॅडम, कुठे आहात? मी गेटवर आहे.” “भैया, थोडं पुढे या ना.” पुढे म्हणजे यू-टर्न मारून. तुम्ही विचारता, “कॅश की ऑनलाइन?” मॅडम वैतागतात. का विचारलं ते त्यांना ठाऊक नसतं: रात्री गॅस भरायला हातात रोख लागते आणि ऑनलाइनचे पैसे खात्यात यायला वेळ लागतो.

हिशेब मांडू, अगदी पोटापुरता. समजा दिवसभरात गिऱ्हाइकांनी 2400 रुपये मोजले. ॲपने चौथा हिस्सा कापला तर गेले 600. रिकाम्या फेऱ्या धरून 160 किलोमीटर झाले, त्याला आठ किलो सीएनजी, ऐंशीच्या भावाने 640. हप्ता रोजचा 500. उरले 660. चहा, जेवण, पार्किंग दीडशे. हातात 510, आणि लॉगिनपासून घरी पोचेपर्यंत गेले तेरा तास. तासाला चाळीस रुपयेसुद्धा पडले नाहीत. टायर, विमा, पासिंग अजून धरलेलंच नाही. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या वेशीवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेवढीच काय ती सुटका.

आता ती पाटी आठवा. गिऱ्हाईक मागच्या सीटवर आपल्या पडद्यावर एक आकडा बघतंय. तुम्ही पुढच्या सीटवर तुमच्या पडद्यावर दुसरा आकडा बघताय. दोन आकड्यांतलं अंतर आज वीस टक्के आहे की पस्तीस, ते दोघांपैकी एकालाही एका नजरेत कळत नाही. पावसात गिऱ्हाइकाला दुप्पट लागतं तेव्हा ते तुमच्यावर चिडतं. त्यातलं तुमच्याकडे किती आलं हे ते विचारत नाही आणि तुम्ही सांगत नाही, कारण रेटिंग त्याच्या हातात आहे. मीटर गाडीत आलं, पण दोघांपासूनही दूर गेलं. माझ्या मते कमी कमाईपेक्षा मोठं दुखणं हे आहे. कमाई 1976 सालीही बेतासबातच होती.

कमिशनच्या ओरड्यावर काही ॲपांनी नवा तोडगा काढलाय: कमिशन नाही, चालकाने रोजचं ठरावीक शुल्क भरावं आणि बाकी सगळं स्वतःकडे ठेवावं. ऐकायला छान आहे, आणि ज्याला भरपूर ट्रिपा मिळतात त्याला ते फायद्याचंही आहे. पण धंदा झाला नाही तरी जाणारी ठरलेली रक्कम आपण कुठे पाहिली होती? ताडदेवला. शेठ परत आलाय, फरक इतकाच की गाडी या वेळी तुमची आहे.

शेजारच्या लेनमध्ये एक काळी-पिवळी उभी आहे. फियाट नव्हे, शेवटची नोंदलेली पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ची, वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस ती रस्त्यावरून उतरली. ही नवी गाडी आहे, आत इलेक्ट्रॉनिक मीटर, किमान भाडं 31 रुपये, आणि ते तिच्या ड्रायव्हरलाही माहीत आहे, गिऱ्हाइकालाही. तिला गिऱ्हाईक कमी आहे, हेही खरं. आपण सगळ्यांनीच ॲप निवडलं आणि त्याला कारणं होती. मीटर न पाडता पाचशे मागणाऱ्यांनी ती आपल्या हाताने पुरवली होती.

सिग्नल सुटला. आता उतरा, तुमच्या वर्षात, तुमच्या मागच्या सीटवर. पुढच्या वेळी कॅबमध्ये बसाल तेव्हा उतरताना पुढे वाकून एवढं विचारा: “दादा, तुमच्या फोनवर या ट्रिपचे किती दिसतायत?” तुमचा आकडा त्यांना सांगा, त्यांचा तुम्ही ऐका. दोन्ही आकडे पावतीवर शेजारी-शेजारी छापा, एवढी सक्ती सरकारने केली तरी खूप होईल. तोपर्यंत विचारायला पैसे पडत नाहीत.