टेक्निकल रायटरची नोकरी : मुलाखतीत काय विचारावं?

फवारणीच्या पंपासोबत जे माहितीपुस्तक येतं, तसलं लिहिणारा तो टेक्निकल रायटर. सॉफ्टवेअरचंही तसंच लिहावं लागतं, म्हणून पुण्यात हिंजवडी, खराडीकडं ही पदं निघतात. पगाराच्या आधी एक विचारावं : लिहिणाऱ्याला ती वस्तू स्वतः वापरायला मिळते का, आणि इंजिनिअर शंकांना वेळ देतात का? "ते नंतर बघू" असं उत्तर आलं तर तिथं बहुतेक नुसतं इंग्रजी दुरुस्त करत बसावं लागणार. लिहिलेलं कोण तपासतं? आधीचा माणूस का गेला? यावर समोरचे एकमेकांकडं बघायला लागले की सावध व्हावं. चाचणी म्हणून पानभर लिहून घेतलं तर ठीक; अख्खं पुस्तक फुकट मागितलं तर सरळ नाही म्हणावं. प्रशिक्षणाच्या नावाखाली डिपॉझिट मागितलं तर उठून परतीची एसटी धरावी.