दोना पावलाची संशोधन जहाजे

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. १९७६ मध्ये संस्थेला ‘गवेषणी’ मिळाली. हे जहाज एका बार्जचे रूपांतर करून घडवलेले होते. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ने समुद्रतळावरून बहुधातू गोटे वर काढले: काळे, बटाट्यासारखे, मँगनीजयुक्त. त्याच वर्षी केंद्रात महासागर विकास विभाग सुरू झाला आणि १९८३ मध्ये त्याच्यासाठी जर्मनीत ‘सागरकन्या’ बांधली गेली.

जहाज धक्क्याला उभे असले तरी खर्च सुरूच असतो. खलाशांचे पगार द्यावे लागतात, गोदीत चढवून तळाला चिकटलेले शिंपले खरवडावे लागतात. ‘गवेषणी’ १९९४ मध्ये निवृत्त झाली. २०१४ मध्ये संस्थेकडे ‘सिंधु साधना’ हे जहाज दाखल झाले.